बसण्याचं कलम

४ मार्च, सोमवार

ट्रस्टचा मसुदा पूर्ण झाला! सात पानं, चार उद्देश, तीन विश्वस्त. विश्वस्त म्हणजे मी, आई आणि आईच्या दुकानातली कात्रीवाली मावशी. मावशी दिवसभर कापड फाडते, म्हणून तिला सगळे कात्रीवाली म्हणतात. तोंडही तसंच चालतं.

हे सगळं कशासाठी, ते एकदा नीट लिहून ठेवते. आईचं दुकान तीन मजली, कापडाचं. आई दुसऱ्या मजल्यावर, पडद्यांच्या कापडाकडे. रोज दहा तास, एकोणीस वर्षं, उभी. काउंटरमागे एकही स्टूल नाही. बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी दिसते, असं मालकांचं म्हणणं. जेवायला वीस मिनिटं, तीही ताग्यांच्या खोलीत. मी मात्र वाचनालयात खुर्चीवर बसून पुस्तकांवर शिक्के मारते. घरातली पहिली पदवीधर. बाबा म्हणतात, "मायलेकींनी काय छान वाटून घेतलंय. एक उभी, एक बसलेली." बाबा बस चालवतात, म्हणजे तेही बसूनच असतात, पण हे त्यांना सांगायची सोय नाही.

दुकानामागच्या गल्लीत डॉक्टरबाईंचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. ३१ तारखेला त्या कायमच्या मुलीकडे राहायला जाणार. गेल्या महिन्यात मी त्यांच्यासमोर तासभर बोलले, कायद्याबद्दल, बायकांच्या हक्काबद्दल. त्या एकही शब्द न बोलता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ट्रस्ट नोंदवून आण. दवाखाना ट्रस्टच्या नावे करते. माझी नर्स इथंच राहील, माझी एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोनदा येईल. मात्र मी जायच्या आत. नाहीतर शेजारचा टायरवाला टपलेलाच आहे."

माझ्या शब्दांत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

चौथा उद्देश मी तीन दिवस घासूनपुसून लिहिलाय: "दुकानांत काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीस बसण्यासाठी आसन देणे मालकांवर बंधनकारक करणारा कायदा अस्तित्वात आणणे." पहिले तीन उद्देश पायांच्या उपचारांचे, माहितीचे, पाहणीचे. ते कुणालाही सुचतील. चौथा हा ट्रस्टचा प्राण.

आईला वाचून दाखवलं. ती उलट्या बालदीवर पाय ठेवून ऐकत होती. आईला असं ऐसपैस बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वय झालं की माणूस सुस्तावतो बहुतेक. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "दवाखान्याची खोली कधी मिळेल गं?"

मी सात पानं वाचली आणि हिला खोलीचं पडलंय.

५ मार्च, मंगळवार

अर्ज दिला. नोंदणी कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. छाननीच्या टेबलावर एक कारकून, खिशाला लाल पेन, कानावर दुसरं लाल पेन. मी मनातल्या मनात त्याचं नाव लालपेन ठेवलं. त्यानं पानं मोजली, शिक्का मारला, पोच दिली. "आठवड्यानं या." वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

आईला यायला आज तासभर उशीर. मंगळवारी माल येतो म्हणते.

१२ मार्च, मंगळवार

अर्ज परत! हसावं की रडावं कळत नाही.

मी न्यासाचं नाव ठेवलं होतं "उभ्या राहणाऱ्या स्त्रियांचा सेवा न्यास". लाल शाईतला शेरा जसाच्या तसा उतरवते: "निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवारांस साहाय्य करणे हा राजकीय हेतू होय. धर्मादाय न्यासास अनुज्ञेय नाही."

मी लालपेनला म्हटलं, "अहो, निवडणुकीला नाही. दुकानात उभ्या राहतात."

"कुठल्या पक्षातर्फे?"

"पायांतर्फे!"

त्यानं चष्मा काढला, अर्ज पुन्हा वाचला आणि पहिल्यांदा हसला. "मग ताई, 'उभ्याने काम करणाऱ्या' लिहायचं ना. उभं राहणं म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे मतपेटीच येते. गेल्या महिन्यात असे तीन ट्रस्ट परत पाठवलेत." म्हणजे दोष माझ्या भाषेचा! पदवीला मला भाषेत पहिला वर्ग होता.

घरी सांगितलं तर बाबा खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. "एकोणीस वर्षं उभी आहे तुझी आई! एकदा तरी निवडून आली असती तर आज कुठच्या कुठं असतो आपण."

आई घरी नव्हती. मंगळवार.

नाव बदलून अर्ज पुन्हा दिला. एक आठवडा पाण्यात.

१५ मार्च, शुक्रवार

आगीतून फुफाट्यात. आज लालपेननं स्वतः वाचनालयात फोन करून बोलावून घेतलं. नाव ठीक आहे म्हणाला. चौथं कलम ठीक नाही. "बाईंशीच बोला."

बाई म्हणजे नोंदणी अधिकारी. खोलीत फायलींचे गठ्ठे, खिडकीत वाळलेली कुंडी. बाई पन्नाशीच्या, आवाज अगदी हळू, म्हणजे भांडायला सर्वांत वाईट.

त्या म्हणाल्या, "कायदा बदलून घेणं हा न्यासाचा उद्देश असू शकत नाही. तो राजकीय हेतू होतो."

मी म्हटलं, "बायकांना बसायला स्टूल मिळणं राजकीय?"

"स्टूल राजकीय नाही. दहा हजार स्टुलं वाटा, मी आत्ता सही करते. स्टूल द्यायला लावणारा कायदा आणणं, ते राजकीय."

"पण कायदा चांगला आहे."

"असेल. पण चांगला आहे की नाही हे मी ठरवायचं का? उद्या दुकानदार येतील. म्हणतील, असा कायदा कधीच होऊ नये यासाठी आम्हाला ट्रस्ट काढायचाय, त्यातच लोकांचं हित आहे. त्यांना काय सांगू? तुमचं हित खरं आणि त्यांचं खोटं? कायदा कसा असावा ते लोकांनी निवडून दिलेली माणसं ठरवतात. ह्या टेबलावर ते ठरायला लागलं, तर उद्या जो ह्या खुर्चीत बसेल त्याच्या मर्जीनं ठरेल. ते तुम्हाला चालेल?"

खाली रस्त्यावर आल्यावर मला चार उत्तरं सुचली. तीन तर फार चांगली होती.

बाईंचं म्हणणं असं दिसतं, की पायाला मलम लावणं म्हणजे दान आणि पाय का दुखतो ते विचारणं म्हणजे राजकारण. असा कसा कायदा? आणि असला कायदा बदला म्हणायचीही चोरी!

१६ मार्च, शनिवार

ठरवलं. चौथं कलम काढणार नाही. सहा पानी खुलासा लिहायला घेतलाय.

आईला विचारलं, "तुला काय वाटतं? तत्त्व सोडावं का?" ती म्हणाली, "तत्त्व सोडू नये. पण खोली एकतीसच्या आत हवी."

"दोन्ही एका वेळी कसं होईल?"

"ते तू शिकलीयेस, तू बघ."

घराघरांतून हेच. शिकलीयेस ना, मग भर फॉर्म. शिकलीयेस ना, मग आण औषध. आई एवढ्या उकाड्यात जाड मोजे घालून का बसते विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या वाचनालयात थंडी असते ना, तशी आमच्या दुकानात पण." दुकानात पंखेसुद्धा धड नाहीत.

१९ मार्च, मंगळवार

खुलासा दिला. लालपेननं पानं मोजली, मग माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरचं पंचिंग यंत्र उगाच इकडून तिकडे सरकवलं. आसपास कुणी नाही असं पाहून पुढे वाकला.

"ताई, एक सांगू? राग मानू नका. चौथं कलम 'उद्देश' या मथळ्याखाली आहे. ते तिथून उचला. शेवटी 'साधने' म्हणून मथळा आहे ना, तिथं टाका. आणि वाक्याच्या सुरुवातीला 'प्रसंगी' लावा. 'प्रसंगी, वरील उद्देशांस पूरक म्हणून, संबंधितांकडे निवेदन देणे.' बाई सही करतील. कायद्यात बसतं ते."

"कायदा हा शब्द कुठं आहे त्यात?"

"नाहीये. म्हणूनच बसतं."

मी म्हटलं, "म्हणजे बायकांचं बसणं काढायचं आणि तुमचं बसवायचं?"

त्यानं कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं. "तुमची मर्जी."

ह्या लोकांना प्रत्येक गोष्टीची मांडवली करायची सवय लागलेली असते. 'प्रसंगी' म्हणे! आई काय प्रसंगी उभी राहते?

बाहेर पडताना मात्र वाटलं, त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

२२ मार्च, शुक्रवार

खुलासा अमान्य. दोन ओळींचं पत्र. सहा पानांना दोन ओळी.

कात्रीवाली मावशी संध्याकाळी घरी आली होती. तिला सगळं सांगितलं, उद्देश काय, साधन काय, राजकीय हेतू म्हणजे काय. ती म्हणाली, "बाई गं, नमनाला घडाभर तेल. शेवटी होणार काय ते सांग."

"चौथं कलम काढलं तर ट्रस्ट होतो. नाहीतर नाही."

"आणि ट्रस्ट झाला की खोली?"

"हो."

मावशीनं आईकडे बघितलं. आई भांडी घासत होती, एका पायावर भार देऊन, बगळ्यासारखी. मावशी म्हणाली, "सांगून टाक की तिला."

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

आई म्हणाली, "काही नाही. मालकांनी पाळ्या बदलल्यात. आता मंगळवारी मला लवकर सुटता येणार नाही."

लवकर? मंगळवारी तर तिला उशीर होतो. पण माझं डोकं त्या दोन ओळींत अडकलं होतं. वरच्या कार्यालयाकडे दाद मागायची असेल तर साठ दिवस आहेत. साठ दिवस! ३१ला टायरवाला.

२४ मार्च, रविवार

डॉक्टरबाईंकडे गेले होते. सामान बांधून झालंय. त्यांना विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर कलम काढलं असतंत?"

त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे. माझ्यासमोर जो पाय येतो तो मी बघते."

"पण दुकानात पुन्हा उभं राहून तोच पाय पुन्हा बिघडतो ना?"

"बिघडतो. मी पुन्हा बघते." मग म्हणाल्या, "तू कधी पाय बघितलायस का? म्हणजे खरोखर, पट्टी सोडून?"

मी म्हटलं, पाहणीची प्रश्नावली तयार आहे, बावीस प्रश्नांची. त्या हसल्या नाहीत.

२७ मार्च, बुधवार

हे लिहायला हात वळत नाही.

दुपारी डॉक्टरबाईंची नर्स वाचनालयात आली. मला वाटलं, पुस्तक हवंय. काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "आई काल ड्रेसिंगला आल्या नाहीत. एक वार चुकवून चालायचं नाही. निरोप द्याल?"

"कुणाची आई?"

ती माझ्याकडे बघतच राहिली.

घरी गेले. आईच्या आधी पोचून दारात बसून राहिले. ती आली, चप्पल काढली. मी म्हटलं, "मोजे काढ." तिनं बालदी उलटी केली, तिच्यावर पाय ठेवला. पट्टी मी सोडली. शेवटचा पदर चिकटला होता. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, माझ्या तळहाताएवढी जखम. भोवतालची कातडी काळपट, चामड्यासारखी. मी काय बघितलं ते मी एवढंच लिहू शकते.

"किती दिवस?"

"गेल्या वर्षी पडद्यांचा सेल होता ना, तेव्हापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं चाललं होतं ना ते. पायात पाय कशाला घालू?"

बाबांना माहीत होतं. मावशीला माहीत होतं. नर्सला, डॉक्टरबाईंना, दुकानातल्या अकरा जणींना. बावीस प्रश्नांची प्रश्नावली होती फक्त माझ्याकडे.

आणि मी लिहिलं होतं सुस्तावली म्हणून. ते पान फाडणार होते. नाही फाडलं.

२८ मार्च, गुरुवार

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी जिन्यात उभी होते. लालपेन आला, त्यानं कुलूप काढलं.

मी म्हटलं, "ते 'प्रसंगी'चं अजून चालेल?"

त्यानं बाईंना विचारून येतो म्हटलं. परत आला तो मान हलवत. "सहा पानी खुलाशात तुम्ही तीनदा लिहून दिलंय, की कायदा आणणे हाच आमचा मूळ हेतू आणि बाकीचं दुय्यम. ते आता फायलीत लागलंय. बाई म्हणतात, ह्यांनी स्वतःच सांगितल्यावर मी 'पूरक' कसं मानू? आता एकच. कलम पूर्ण काढायचं, आणि खुलासा मागे घेतल्याचं लिहून द्यायचं."

१९ तारखेला ऐकलं असतं तर अर्धं तरी वाचलं असतं. खुलाशातली ती तीन वाक्यं माझ्याच अक्षरात, अधोरेखित केलेली.

मी त्याचं लाल पेन मागून घेतलं आणि चौथं कलम खोडलं. पट्टीनं सरळ रेघ मारायला हवी होती. वाकडी गेली. बाजूला सही केली.

"उद्या तिन्ही विश्वस्तांना घेऊन या," तो म्हणाला. मग, "ताई, पाणी घ्या."

२९ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस मला अजून समजलेला नाही. जसा झाला तसा लिहिते.

आई आणि मावशीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाबा बसची पाळी संपवून गणवेशातच आले. नर्स डॉक्टरबाईंची कागदपत्रं घेऊन. बाईंच्या खोलीत एवढ्या खुर्च्या नव्हत्या. लालपेननं स्वतःची आणून दिली, आईला.

बाई म्हणाल्या, "वाचून सही करा."

मला वाटलं, आई नुसती सही करेल. ती वाचायला लागली. आई सातवीपर्यंत शिकलीय. बोट ठेवून वाचते, ओठ हलतात. सात पानं. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं, पण मध्ये बोलल्या नाहीत. तिसऱ्या पानावर आईचं बोट थांबलं.

"बसायचं कुठाय?"

"काढलं," मी म्हटलं.

"का?"

"मग खोली मिळाली नसती. तुझ्या पायासाठी काढलं."

आईचा चेहरा असा मी आजवर पाहिला नव्हता. "माझ्या एकटीच्या पायासाठी बारा जणींचं बसणं खोडलंस?"

"आई, तूच म्हणत होतीस खोली हवी—"

"खोली हवी म्हटलं. हे नको असं कधी म्हटलं?"

सगळ्यांसमोर. बाबा छताकडे बघत होते. मला ओरडावंसं वाटत होतं: मग करायचं काय होतं? सगळ्यांना सगळं हवं, आणि खोडायला पेन फक्त माझ्या हातात!

आईनं पानं जुळवली, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि त्यांना विचारलं, "बाई, एक विचारू का? ट्रस्टनं सरकारकडे कायदा मागायचा नाही, असं ना?"

"तो ट्रस्टचा उद्देश असता कामा नये, असं."

"आणि ट्रस्टच्या दवाखान्यात पट्टी बांधून घेणारीनं मागितला तर?"

बाई जरा सावरून बसल्या. "तिला कोण अडवणार? तो तिचा हक्क."

"आणि ट्रस्टीणीनं?"

"स्वतःच्या नावानं मागता येतो. पण लोक गल्लत करतात. कुणी तक्रार केली की ट्रस्टच्या आडून राजकारण चाललंय, तर मला चौकशी लावावी लागते. चौकशी संपेपर्यंत सगळं अडकतं."

"खोलीपण?"

"खोलीपण."

आईनं मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, "मला काय विचारतेस? मापून झालं ना? मग फाड."

"मग आमची दोघींची नावं खोडा," आई म्हणाली. "तिचं राहू दे. ती शिकलेली आहे, ती सांभाळेल."

ती इतकी रागावलीय, की माझ्यासोबत कागदावरही नाव नको! बाई मात्र आईकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी लालपेनला सांगितलं, "दोन नावं बदला. दुसरे कोण?"

दुसरे कोण असणार? खोलीत होते तेच. बाबा आणि नर्स. बाबांनी टोपी काढून सही केली आणि म्हणाले, "बघ, आयुष्यभर बसून होतो, त्याचं चीज झालं." कुणी हसलं नाही. नर्स थोडीशी हसली.

नोंदणी झाली. शिक्का ओला होता, लालपेननं फुंकर घालून वाळवला.

३० मार्च, शनिवार

दवाखाना ट्रस्टच्या नावे झाला. टायरवाला दारात येऊन बघून गेला.

डॉक्टरबाईंचे आभार मानताना मी म्हटलं, "माझ्या त्या दिवसाच्या बोलण्यावर तुम्ही एवढा विश्वास ठेवलात—"

"छे गं," त्या म्हणाल्या. "तुझी आई सहा महिने माझ्या मागे लागली होती. दर मंगळवारी पट्टी बांधताना एकच, दवाखाना बंद करू नका. तू आलीस तेव्हा माझं ठरलेलं होतं. पण तू इतकं मन लावून बोलत होतीस, मध्ये कशाला तोंड घालायचं?"

तासभर. तासभर बोलले होते मी.

३ एप्रिल, बुधवार

पहिला दिवस. नऊ जणी आल्या. नवीन डॉक्टर चांगली आहे. आईची जखम तिनं अर्धा तास साफ केली. मी केसपेपर भरायला बसले होते. आईनं नाव, वय, तक्रार सगळं परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. मीही परक्यासारखं लिहून घेतलं.

"काम काय?" या रकान्यापुढे मी आपणहून लिहायला लागले, तर म्हणाली, "विचार. सगळ्यांना विचारतेस तसं मलाही विचार."

अजून रागच आहे.

बाकीच्या आठ जणी पट्टी झाल्यावरही बाकावर बसून होत्या. आपापसांत काहीतरी चाललं होतं. मी जवळ गेले की कापडाच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या. विश्वस्त झाल्यापासून मला मोकळेपणानं कुणी काही सांगत नाही.

७ एप्रिल, रविवार

दुकानाला सुट्टी. सकाळी मावशी आली, कोरे कागद घेऊन. आईनं मला हाक मारली. कितीतरी दिवसांनी नीट हाक मारली.

"अर्ज लिहून दे. आपल्या भागातून निवडून गेलेल्या बाई आहेत ना, त्यांना द्यायचाय. बारा जणींचा."

"कसला अर्ज?"

"तुझ्या चौथ्या कलमाचा."

मी एवढी उसळले, की शाई सांडायचीच बाकी होती. मुद्दे तर तयारच होते! सुरुवात केली, "श्रमणाऱ्या स्त्रीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न हा केवळ—"

"थांब," आई म्हणाली. "श्रमणारी कोण?"

"तू."

"मग मी लिही ना. प्रतिष्ठा कुठल्या मजल्यावर मिळते ते मला माहीत नाही, आणि त्या बाईंनी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

खोडलं. "मूलभूत" खोडलं. "बंधनकारक" राहू द्या म्हणून मी दहा मिनिटं भांडले. मावशी म्हणाली, "मालकाला द्यायलाच लागेल असं लिही, कळतं सगळ्यांना." खोडलं. "अस्तित्वात आणणे" माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आतच दोघी नको म्हणाल्या. तीन दिवस घासूनपुसून केलेल्या माझ्या वाक्यातला एकही शब्द शिल्लक राहिला नाही. "कायदा" तेवढा राहिला.

उरलं ते हे: "आम्ही बारा जणी कापडाच्या दुकानात रोज दहा तास उभ्या असतो. गिऱ्हाईक नसलं तरी उभ्या असतो. त्यानं आमचे पाय गेले, डॉक्टरचे कागद सोबत जोडले आहेत. काउंटरमागे मालकाला स्टूल द्यायलाच लागेल असा कायदा करा. आम्ही गिऱ्हाईक आलं की उठू."

शेवटचं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. हक्क मागताना उठण्याचं वचन कशाला द्यायचं? मी दोनदा सांगितलं. आई म्हणाली, "त्यानंच तर ते देतील." वाद घालण्यात अर्थ नव्हता.

खाली बारा सह्यांची जागा सोडली. मावशीनं केली. आईनं केली, सावकाश, जिभेचं टोक दातांत धरून. मी पेन घेतलं. बारा जणींच्या खाली तेराव्या ओळीवर कुणाचंही नाव बसलं असतं, आणि अक्षर तर सगळं माझंच होतं.

आईनं कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला.

"तुझी नको," ती म्हणाली. "तू ट्रस्ट आहेस."